यजमानाच्या हातातली बाटली

परमिट रूममध्ये बसलेला माणूस काय प्यायचे आणि किती प्यायचे हे स्वतः ठरवतो. मेनूकार्डावर किंमत छापलेली असते, वेटर विचारल्याशिवाय पुढची बाटली उघडत नाही आणि शेवटी येणाऱ्या बिलात सगळ्या बाटल्या मोजलेल्या असतात. घरच्या बैठकीत यातले काहीच नसते. गटारी असो, एकतीस डिसेंबर असो की शाळेतल्या मित्रांचे वीस वर्षांनी जमणे असो, पाहुणा समोर आलेला ग्लास घेतो. ग्लास अर्धा झाला की कोणीतरी तो भरतो, आणि आपल्या पोटात नक्की किती गेले हे त्यालाही सांगता येत नाही. शिवाय आपल्याकडे आग्रह केल्याशिवाय आदरातिथ्य पुरे होत नाही. पंगतीत जिलबी वाढताना दोनदा नाही म्हटलेले नाही धरायचे नसते. तीच सवय असलेला हात बिअरची बाटली घेऊन फिरू लागतो, तेव्हा पाहुण्याच्या शरीरात किती मद्यार्क जाणार हे पाहुण्यापेक्षा यजमानाने दुपारी बिअर शॉपीत केलेल्या निवडीवर ठरते. म्हणून घरी बोलावलेल्या माणसांसाठी बिअर निवडण्याचा पहिला निकष ब्रँड नव्हे, देश नव्हे, किंमतही नव्हे. ती बिअर सौम्य असावी, ताजी असावी आणि जेवणाबरोबर चालणारी असावी, आणि या तिन्हींत सौम्यपणा सर्वांत आधी यावा, असे माझे ठाम मत आहे. त्याची कारणे भावनिक नाहीत. बाटलीवरच्या लेबलातून आणि थोड्या अंकगणितातून ती निघतात.

भारतातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार ५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर सौम्य आणि ५ ते ८ टक्के असलेली स्ट्राँग. टक्क्यांमध्ये हा फरक किरकोळ वाटतो. पण आपल्याकडची मोठी बाटली ६५० मिलिलिटरची असते. ८ टक्क्यांच्या बाटलीत ५२ मिलिलिटर, म्हणजे वजनाने सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. देशात बनणाऱ्या बहुतेक व्हिस्की आणि रममध्ये मद्यार्क ४२.८ टक्के असतो, म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. याचा अर्थ स्ट्राँग बिअरची एक बाटली म्हणजे चार पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणारा आणि व्हिस्कीचे चार पेग घेणारा यांच्यात शरीराच्या दृष्टीने फरक उरत नाही. हीच बाटली ५ टक्क्यांची असेल तर आत २५-२६ ग्रॅम मद्यार्क, म्हणजे अडीच पेग. ३३० मिलिलिटरच्या सौम्य पाइंटमध्ये १३ ग्रॅम. सर्वसाधारण माणसाचे यकृत तासाला ७ ग्रॅमच्या आसपास मद्यार्क निकालात काढते. म्हणजे एका सौम्य पाइंटला जवळजवळ दोन तास लागतात आणि स्ट्राँगच्या एका बाटलीला सहा तासांच्या आसपास. घरची बैठक तीन-चार तासांची असते. दोन स्ट्राँग बाटल्या पोटात गेलेला पाहुणा निरोप घेताना त्यातला मोठा भाग अंगात घेऊनच जिना उतरतो.

तरीही भारतात विकल्या जाणाऱ्या बिअरपैकी पाचात चार बाटल्या स्ट्राँग असतात. हेवर्ड्स ५०००, किंगफिशर स्ट्राँग, टुबोर्ग स्ट्राँग ही नावे दुकानाच्या फ्रिजमध्ये डोळ्यांच्या पातळीवर दिसतात. सौम्य बाटली मागावी लागते. यामागे लोकांची आवड आहे असे सहज म्हटले जाते, पण आवडीपेक्षा हिशेब मोठा आहे. बऱ्याच राज्यांत बिअरवरचा कर तिच्यातल्या मद्यार्काच्या प्रमाणात वाढत नाही. दोन बाटल्यांच्या किमतीत थोडाच फरक आणि नशेत दीडपट फरक असेल, तर मोजके पैसे घेऊन आलेला गिऱ्हाईक कोणती उचलेल हे उघड आहे. त्याच्या जागी त्याचे बरोबरच आहे. पण पाहुण्याला बोलावणारा यजमान वेगळ्या जागी उभा असतो. त्याला रुपयामागे नशा मोजायची नसते. त्याला माणसे चार तास एकमेकांशी बोलायला हवी असतात, शेवटच्या तासालाही वाक्य पूर्ण करता येण्याजोगी. दुकानाचा हिशेब तसाच घरात आणणे ही मूळ चूक.

यावर पहिला आक्षेप येतो तो चवीचा. सौम्य बिअर म्हणजे पाणी, पाहुण्यांना पाणी पाजून काय शोभा, असे विचारले जाते. हा आक्षेप चव आणि चटका यांची गल्लत करतो. बिअरची चव माल्टमधून, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवातून येते. कडूपणा आणि सुगंध हॉप्सच्या फुलांतून येतो. फळांसारखे वास यीस्टमधून येतात. मद्यार्क वाढवण्यासाठी मात्र यीस्टला अधिक साखर पुरवावी लागते, आणि स्वस्त स्ट्राँग बिअरमध्ये ती बऱ्याचदा तांदूळ, मका किंवा थेट साखरेतून येते. तांदूळ वापरणे हा दोष नाही. हलक्या, स्वच्छ चवीच्या कित्येक नामांकित बिअरमध्ये तो असतो. पण साखरेतून नुसता मद्यार्क वाढतो, चव वाढत नाही. जिभेवर गोडसर जडपणा आणि घशात चटका उरतो, आणि तो झाकण्यासाठी बाटली बर्फासारखी थंड करावी लागते. १८४२ मध्ये बोहेमियातील पिल्सेन शहरात योसेफ ग्रोल याने ज्या सोनेरी लागरची सुरुवात केली, तिची आजची मूळ बिअर साडेचार टक्क्यांच्या आसपासची आहे. जगभरच्या लागर त्याच वळणावर गेल्या. पिल्सेनच्या त्या बिअरला पाणी कोणी म्हटलेले नाही.

चवीचा दुसरा, अधिक महत्त्वाचा पुरावा आपल्याच ताटात आहे. मराठी घरात बिअरबरोबर जे खाल्ले जाते ते तिखट असते: मसाला पापड, शेंगदाण्यांवर कांदा-मिरची, सुके मटण, सुरमईची रवा लावलेली तुकडी, कोल्हापूरकरांकडे तांबडा रस्सा. मिरचीतले कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या संवेदकाला चेतवते, त्याचा शोध १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत लागला आणि त्यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हा संवेदक खरे तर उष्णतेचा आहे. सुमारे ४२ अंशांवर तो भाजल्याचा निरोप मेंदूला देतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की मद्यार्काच्या संपर्कात हा उंबरठा सुमारे ३४ अंशांपर्यंत खाली येतो, म्हणजे शरीराच्या नेहमीच्या तापमानाच्याही खाली. थोडक्यात, मद्यार्क तिखटाची आग विझवत नाही, ती पेटवतो. बिअरमधला कार्बन डायऑक्साइड जिभेला वेगळे टोचतो, आणि हॉप्सचा कडूपणा त्यात आणखी भर घालतो. तिखटावर स्ट्राँग बिअरचा घोट घेणारा माणूस क्षणभर थंडाव्याने सुखावतो, लगेच जास्त भाजतो आणि पुन्हा घोट घेतो. पिण्याचा वेग वाढतो तो असा, आणि त्याला पाहुण्याचा मोकळेपणा समजले जाते. पाच टक्क्यांच्या आतल्या, कमी कडू बिअरने हे चक्र संथ होते. आग खरोखर विझवायची असेल तर कॅप्सेसिनला धरणारे प्रथिन किंवा स्निग्धांश लागतो, म्हणून बैठकीच्या टेबलावर ताक आणि नारळाच्या दुधाची सोलकढी असणे हे केवळ न पिणाऱ्यांसाठी नाही.

मग कोणती सौम्य बिअर? माझी पसंती गव्हाच्या बेल्जियन धर्तीच्या बिअरला आहे. हा प्रकार बेल्जियममधील हूगार्डन गावात संपला होता. पियेर सेलिस या दुधाच्या धंद्यातल्या माणसाने तो १९६० च्या दशकात पुन्हा उभा केला. त्यात संत्र्याची साल आणि धणे घालतात. धण्यांचा तो मंद वास कोथिंबीर वडी, अळूवडी, तळलेले बोंबील यांच्याशी इतका सहज जुळतो की या पदार्थांसाठी दुसरे काही शोधण्याची गरज पडत नाही. कडूपणा नगण्य, अंगाला हलकी, मद्यार्क पाच टक्क्यांच्या आसपास. आता भारतातच बनणाऱ्या अशा अनेक बिअर दुकानांत मिळतात. तळलेल्या मासळीला आणि भाजणीच्या चकलीला साधी सौम्य लागर उत्तम. तिचा कोरडेपणा तेलकटपणा पुसून टाकतो. बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला यीस्टमुळे केळ्याचा आणि लवंगेचा वास असतो. ती खोबऱ्याच्या वाटणाच्या कोंबडीबरोबर छान लागते, पण तो वास सर्वांना रुचेलच असे नाही, म्हणून ती थोडीच आणावी. इंडिया पेल एल हा कडू प्रकार सध्या शहरांतल्या जाणकारांचा लाडका आहे. तिखट जेवणापुढे तो ठेवू नये; मिरचीची आग तो वाढवतो आणि मिरची त्याचा कडूपणा वाढवते. शेंगदाणे, चीज, भाजलेले पनीर यांच्याबरोबर त्याला न्याय मिळतो.

इथे क्राफ्ट बिअरच्या चाहत्यांचा आक्षेप येतो: बाजारातली सौम्य लागर सगळी सारखीच, पाहुण्यांना काही नवे चाखवायला नको का? जरूर चाखवावे. पुण्यात २००९ मध्ये डूलालीने स्वतःची बिअर गाळून विकायला सुरुवात केली, त्यानंतर पुणे-मुंबईत अशी ठिकाणे वाढत गेली आणि मराठी माणसाला सफरचंदाच्या सायडरपासून काळ्या स्टाउटपर्यंत ताजे काही मिळू लागले. ही मोठी गोष्ट आहे. पण अशा ठिकाणाहून भरून आणलेली बिअर बहुधा पाश्चराइज केलेली नसते. तिला दुकानापासून घरापर्यंत आणि घरात ग्लासपर्यंत थंडावा लागतो, आणि ती दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. बैठकीच्या दिवशीच आणता येत असेल तर तिच्याइतकी चांगली बिअर नाही. आठवडाभर आधी आणून फ्रिजच्या दारात ठेवायची असेल तर तिच्यावर पैसे घालू नयेत. शिवाय क्राफ्टच्या फळ्यावर टक्केवारी लिहिलेली असते ती वाचावी. तिथेही सात-आठ टक्क्यांच्या बिअर असतात आणि सुंदर नावामुळे त्या सौम्य होत नाहीत.

ताजेपणाबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण महागडी बाटली आणूनही बिअर बेचव लागते ती बहुधा याच कारणाने. बिअर मुरत नाही. काही जड, कडक प्रकार सोडले तर ती बाटलीत भरल्या दिवसापासून उतरणीला लागते. बाटलीतल्या उरल्यासुरल्या प्राणवायूमुळे हळूहळू ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो, आणि उष्णतेत ही क्रिया झपाट्याने होते. विदर्भातल्या किंवा खानदेशातल्या मे महिन्यात दुकानाच्या मागच्या खोलीत पडलेला क्रेट आणि थंड गोदामातला क्रेट यांच्यावरची तारीख एकच असली तरी आतली बिअर एक नसते. उजेडाचे नुकसान तर काही मिनिटांत होते: हॉप्समधले कडू घटक प्रकाशात फुटतात आणि त्यातून गंधकाचे एक अत्यंत उग्र वासाचे संयुग तयार होते. तपकिरी काच तो प्रकाश बऱ्याच अंशी अडवते. हिरवी कमी अडवते, पांढरी जवळजवळ नाहीच. म्हणून दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेली देखणी हिरवी बाटली घेण्यापेक्षा खोक्यातली तपकिरी बाटली किंवा कॅन घ्यावा. लेबलावर बनवल्याची तारीख असते. ती दोन महिन्यांच्या आतली असेल तर आनंदाने घ्यावी. चार महिन्यांच्या पुढची असेल तर दुसरा ब्रँड पाहावा. लेबलावर कारखान्याचे ठिकाणही असते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतींत देशातल्या बड्या कंपन्यांचे बिअरचे कारखाने आहेत. तिथून निघालेली साधी लागर नाशिकला किंवा पुण्याला काही तासांत पोहोचते. उलट आयात केलेली बाटली जहाजाने, बंदरातून, गोदामातून फिरत महिन्यांनी आपल्यापर्यंत येते. पाहुण्यांपुढे परदेशी बाटली ठेवण्यात मान वाटतो हे मला समजते. तरी वाळूजची तीन आठवड्यांची बाटली तिच्याहून चांगली लागेल, आणि डोळे मिटून चाखणाऱ्याला ते सहज कळेल.

किमतीचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. सौम्य पाइंट दर मिलिलिटरला मोठ्या बाटलीपेक्षा महाग पडतो आणि दहा माणसांसाठी हा फरक जाणवतो. त्याला उत्तर पाइंटच घ्या असे नाही. ६५० मिलिलिटरची सौम्य बाटली घ्यावी आणि ती एकाच्या हाती न देता दोघा-तिघांत ओतावी. एकट्याच्या हातातली मोठी बाटली ऑक्टोबरच्या उकाड्यात निम्मी होईपर्यंत कोमट होते, गॅस जातो, आणि उरलेली एक तर घाईने संपवली जाते किंवा बेसिनमध्ये ओतली जाते. ज्या राज्यात २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्याच्या कारखान्यांचे पाणी निम्म्याने आणि पुढे त्याहून अधिक कापण्याचा आदेश द्यावा लागला, तिथे अर्धी बाटली ओतून देणे मला खरोखर सहन होत नाही. पिणारे दहा असतील तर दहा-बारा मोठ्या बाटल्या पुरतात. त्या उभ्या ठेवून आदल्या दिवसापासून फ्रिजमध्ये गार कराव्यात. फ्रिज लहान असेल तर टबात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ. नुसत्या बर्फापेक्षा हे लवकर गार करते. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलेली बाटली फुटते. ग्लास मसाल्याच्या आणि तेलाच्या हाताने पुसलेले नसावेत, कारण स्निग्धांशाने फेस बसतो. फेस येऊ द्यावा. ग्लासात ओतताना सुटलेला गॅस पोटात जात नाही आणि माणूस लवकर फुगत नाही.

कायद्याचे मुद्दे थोडक्यात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य विकत घेण्यासाठी, बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो; एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे परवाने मिळतात. सौम्य बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे आहे आणि कडक दारूसाठी २५, त्यामुळे कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली भाचे-पुतणे मंडळी बैठकीत असतील तर सौम्य बिअरचा आग्रह आणखी रास्त ठरतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. गोव्यात बिअर स्वस्त म्हणून गाडीच्या डिकीत क्रेट भरून आणणे हा गुन्हा आहे. गाडीचे म्हणाल तर मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क इतकी आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांच्या सूत्राने अंदाज काढला तर ७० किलोच्या पुरुषाला रिकाम्या पोटी घाईने घेतलेला एक सौम्य पाइंटच या मर्यादेच्या काठाशी नेतो, आणि ५५ किलोच्या स्त्रीला तिच्या पलीकडे. म्हणजे माझ्या मताचीही मर्यादा स्पष्ट आहे: सौम्य बिअर पिऊन गाडी चालवता येते असा त्याचा अर्थ मुळीच नाही. चालवणाऱ्याने पिऊ नये, आणि त्याच्यासाठी बिनअल्कोहोल बिअर आधीच थंड करून ठेवावी. आता ती बहुतेक मोठ्या दुकानांत मिळते आणि तीच थंड, फेसाळ, किंचित कडू चव देते.

उरतो सर्वांत गंभीर आक्षेप: मुळात घरी बिअर ठेवावीच का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले की आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे महाराष्ट्राने पाहिली आहेत आणि गावोगावच्या बायकांनी बाटली आडवी करण्यासाठी मतदान केले आहे. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि जो यजमान घरी मद्य ठेवत नाही त्याच्याकडे काही कमी आहे असे मला वाटत नाही. पण अनेक शहरी घरांत आज जमणाऱ्या मंडळींपुढे बाटली येतेच, आणि ती येणार असेल तर कोणती यावी हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही. उलट धोका जितका खरा, तितकी निवड महत्त्वाची. आग्रह आपल्या रक्तातून जाणार नाही; पण ज्याचा आग्रह करायचा ते कमी ताकदीचे करणे आपल्या हातात आहे. आणि न पिणाऱ्याला आग्रह नाही, कारण विचारणे नाही, याला अपवाद नसावा. औषधे चालू असलेला, सोडून दोन वर्षे झालेला, गरोदर असलेली, उपवास धरलेला, कोणालाही आपले कारण सगळ्यांसमोर सांगावे लागू नये. कोकम सरबत आणि पन्हे त्याच ट्रेमध्ये, त्याच ग्लासांत ठेवले की हा प्रश्न उद्भवत नाही.

एक सवय मात्र बाटली बदलून सुटत नाही. आपल्याकडे आधी पिणे आणि मग जेवण असा क्रम ठरून गेला आहे. आठ वाजता बाटली उघडते, साडेअकराला ताटे येतात, मधले सगळे तास शेव-शेंगदाण्यांवर जातात. खारट चखण्याने तहान वाढते, आणि रिकाम्या पोटातून मद्यार्क झपाट्याने रक्तात उतरतो. आतला स्वयंपाक गार होतो आणि तो करणारी बाई बाहेरच्या हाकेची वाट पाहत बसते. व्हिस्कीच्या बाबतीत या क्रमाला निदान एक सबब असते, कारण ती जेवणाबरोबर सहसा कोणी घेत नाही. बिअरला तीही नाही. जगात जिथे जिथे बिअर शतकानुशतके घरात आहे, तिथे ती बहुधा ताटाशेजारी असते. सौम्य बिअर निवडण्याचा खरा फायदा तेव्हाच पुरा वसूल होतो: नऊ वाजता पाने वाढावीत, स्वयंपाक करणारीनेही त्याच वेळी सगळ्यांबरोबर बसावे, आणि भाकरी, मासळी, रस्सा, सोलकढी यांच्याबरोबर ज्याला हवा त्याला बिअरचा ग्लास द्यावा.